दोन वेगळ्या मराठी शब्दांचा शा-२५६ हॅश एकच कसा येतो?

टिपकागद

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

माझ्याकडे मराठी लेखांची एक मोठी सूची आहे. प्रत्येक शीर्षकाचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ६४ अक्षरी ठसा) काढायचा आणि तोच त्या नोंदीचा ओळखक्रमांक धरायचा, असं ठरलेलं आहे. सूची तयार करणारा प्रोग्रॅम जुना आहे, जावा ८ मध्ये, विंडोजवर चालतो. ती सूची तपासणारा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहितोय. दोन्हीकडचे हॅश जुळायला हवेत. इंग्रजी शीर्षकांचे जुळतात, मराठीतल्या एकाचाही जुळत नाही.

इथवर समजण्यासारखं आहे. पण जावाकडून आलेल्या यादीत 'कविता' आणि 'मराठी' या दोन शीर्षकांचा हॅश हुबेहूब सारखा आहे. ६४ च्या ६४ अक्षरं तीच. 'नाटक'चा मात्र वेगळा. शा-२५६ मध्ये टक्कर (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश) आजवर कुणालाही दाखवता आलेली नाही असं सगळीकडे वाचलंय. मग हे काय आहे?

जावातला कोड साधा आहे: मेसेजडायजेस्टकडून शा-२५६ मागवायचा, स्ट्रिंगवर गेटबाइट्स चालवायचं आणि जे येईल ते डायजेस्टला द्यायचं.

मध्यलय

टक्कर नाही. गेटबाइट्सच्या कंसात काय लिहिलंय? कंस रिकामा असेल तर उत्तर तिथंच आहे.

शा-२५६ ला अक्षरं कळत नाहीत, त्याला फक्त बाइट्स दिसतात. स्ट्रिंगचे बाइट्स करताना कुठलं तरी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट्स करायचा नियम, वापरावंच लागतं. तुम्ही ते सांगितलं नाही तर जावा ८ त्या मशीनचं ठरलेलं एन्कोडिंग घेतं. विंडोजवर ते बऱ्याचदा विंडोज-१२५२ असतं आणि त्यात देवनागरी नाहीच. न बसणाऱ्या प्रत्येक कोडपॉइंटच्या (युनिकोड या सर्व लिप्यांच्या मानकात स्वतंत्र क्रमांक असलेल्या चिन्हाच्या) जागी जावा मुकाट्याने प्रश्नचिन्ह टाकतं. त्रुटी नाही, इशारा नाही.

आता मोजा. 'कविता' म्हणजे क, व, वेलांटी, त, काना: पाच कोडपॉइंट. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी: हेही पाच. दोन्हींचे झाले पाच प्रश्नचिन्हं. 'नाटक'चे चार, म्हणून त्याचा हॅश वेगळा. इंग्रजी अक्षरं विंडोज-१२५२ आणि यूटीएफ-८ (देवनागरी सामावणारं एन्कोडिंग) या दोन्हींत एकाच बाइटने लिहिली जातात, म्हणून ती जुळली.

खात्री करायची तर पायथनमध्ये पाच प्रश्नचिन्हांची स्ट्रिंग घ्या, तिचा शा-२५६ काढा आणि जावाच्या 'कविता'शी ताडून बघा.

टिपकागद

@मध्यलय, अगदी तंतोतंत जुळला. म्हणजे सूचीतल्या पाच कोडपॉइंटच्या सगळ्या एकशब्दी मराठी शीर्षकांना एकच ओळखक्रमांक मिळालेला आहे. बापरे.

रानवाट

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. गेटबाइट्सला स्टँडर्डचारसेट्समधलं यूटीएफ-८ हाताने द्या. जावा १८ पासून (२०२२) न सांगितलं तरी यूटीएफ-८ धरलं जातं, पण त्या भरवशावर राहू नये. तोच कोड उद्या कोणी जुन्या जावावर चालवला की पुन्हा प्रश्नचिन्हांची रांग लागते.

पायथन ३ मला इथे आवडतं. हॅशलिबच्या शा२५६ ला थेट स्ट्रिंग दिली तर ते नकार देतं, आधी एन्कोड करा म्हणतं. आणि विंडोज-१२५२ मध्ये देवनागरी एन्कोड करायला गेलात तर सरळ अपवाद फेकतं. चुकीचा हॅश हातात ठेवण्यापेक्षा थांबणं केव्हाही बरं.

डॉटनेटवाल्यांसाठी: तिथे एन्कोडिंगमधला 'युनिकोड' नावाचा पर्याय यूटीएफ-१६ देतो. 'मराठी'चे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट्स होतात आणि यूटीएफ-१६ मध्ये १०. साहजिकच हॅशही निराळा. नाव बघून बरेच जण तोच निवडतात.

टर्मिनलवर ताडून बघताना आणखी एक लक्षात ठेवा. इको आदेश शेवटी नवी ओळ जोडतो आणि तो बाइटही हॅशमध्ये जातो. प्रिंटएफ वापरा. विंडोजच्या काही एडिटरमधून जतन केलेल्या फाइलच्या सुरुवातीला बीओएम या एन्कोडिंग दाखवणाऱ्या खुणेचे तीन अदृश्य बाइट्सही असू शकतात.

नवशिकी

मध्येच विचारते, माफ करा. पायथनमध्ये नुसतं हॅश() नावाचं फंक्शन आहेच की. तेच का वापरायचं नाही? एन्कोडिंगची भानगडच नको.

रानवाट

@नवशिकी, ते डिक्शनरीच्या आतल्या कामासाठी आहे. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगसाठी ते प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू होताना वेगळं बीज घेतं, त्यामुळे आज आलेली संख्या उद्या येईलच असं नाही. जावाचं हॅशकोड कायम तेच उत्तर देतं, पण ते ३२ बिटांचं आहे आणि कुणीही त्यात टक्कर घडवू शकतो. मोठा ए-छोटा ए आणि मोठा बी-मोठा बी या दोन्ही जोड्यांचं उत्तर २११२ येतं. हातानेच करून बघा: ६५ गुणिले ३१ अधिक ९७, आणि ६६ गुणिले ३१ अधिक ६६. ओळखक्रमांकासाठी दोन्ही निरुपयोगी.

टिपकागद

दोन्हीकडे यूटीएफ-८ केलं. बहुतेक सगळी शीर्षकं आता जुळताहेत, सर्वांचे मनापासून आभार.

काही उरली आहेत आणि ती दोन प्रकारची आहेत. काहींचा जावाकडचा हॅश ६३ अक्षरी आहे. बाकीच्यांचा दोन्हीकडे ६४ अक्षरी आहे, पण साफ वेगळा. दुसऱ्या प्रकारात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'दऱ्या' असे शब्द असलेली शीर्षकं सारखी दिसतात.

मध्यलय

६३ अक्षरांचं सोपं आहे. तुमचा कोड बाइट्सचं बिगइंटिजर करून ते सोळाच्या पायात (हेक्समध्ये) छापत असणार. संख्या म्हटलं की पुढचं शून्य गळतं. हॅशचं पहिलं हेक्स अक्षर शून्य येण्याची शक्यता सोळात एक, म्हणून दर सोळा नोंदींमागे साधारण एक अशी निघते. थोड्याशा चाचण्यांत हे सापडत नाही आणि मग वापरात आल्यावर उगवतं. छापताना ६४ अक्षरांपर्यंत डावीकडे शून्यं भरा. जावा १७ पासून त्यासाठी हेक्सफॉरमॅट आहे, पण तुमच्याकडे जावा ८ आहे, तेव्हा बाइट-बाइट करून दोन-दोन अक्षरं छापा. तिथेही एक खड्डा आहे: जावाचा बाइट ऋण असू शकतो, म्हणून छापण्याआधी त्याचा २५५ शी 'अँड' करायला विसरू नका.

दुसऱ्या प्रकाराबद्दल @अनुस्वार यांनी बोलावं. हा त्यांचा प्रांत.

अनुस्वार

शब्दांची यादी बघूनच ओळखलं. @टिपकागद, दोन्ही बाजूंनी 'दुसऱ्या' घ्या आणि त्यातला एकेक कोडपॉइंट क्रमांकासह छापा. पडद्यावर शब्द कसा दिसतो याकडे अजिबात बघू नका.

टिपकागद

छापलं. पायथनकडे सात कोडपॉइंट, २१ बाइट्स. जावाकडे आठ, २४ बाइट्स. सुरुवातीचे तीन सारखे. पुढे पायथनकडे ०९३१, ०९४डी. जावाकडे ०९३०, ०९४डी, २००डी. शेवटचे दोन पुन्हा सारखे. पडद्यावर दोन्ही शब्दांत तसूभर फरक नाही!

अनुस्वार

हेच ते. मराठीतला हा अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, तो युनिकोडमध्ये तीन रीतींनी लिहिलेला सापडतो.

पहिली रीत ०९३१ म्हणजे ऱ, त्यावर हलन्त ०९४डी. दुसरी साधा र ०९३०, नुक्ता ०९३सी आणि मग हलन्त. तिसरी साधा र, हलन्त आणि त्यामागे २००डी हा अदृश्य जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. कुठली रीत उतरेल ते कीबोर्डवर आणि जुन्या फाँटमधून मजकूर बदलून देणाऱ्या साधनावर अवलंबून. वाचणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात.

पहिल्या दोन युनिकोडच्या लेखी समतुल्य आहेत. एनएफसी सामान्यीकरण (समतुल्य रूपांचं एकच ठरलेलं रूप करणं) केलं की दुसरीची पहिली होते. पायथनमध्ये युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ, जावात जावा.टेक्स्टमधलं नॉर्मलायझर. दोन्हीकडे हॅशच्या आधी एनएफसी करायलाच हवं.

तिसरी मात्र समतुल्य मानलेली नाही. एनएफसी तिला हातही लावत नाही, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय.

रानवाट

मग २००डी सरसकट काढून टाकला तर? दिसत नाही, कामाचा नाही.

अनुस्वार

@रानवाट, नको! कळकळीने सांगतो, हे करू नका. र, हलन्त, जोडक, य, काना यातला जोडक काढला की उरतं 'र्या', रफाराचं. 'दऱ्या'ची 'दर्या' होते. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या दोन वेगळ्या शीर्षकांना एकच ओळखक्रमांक मिळेल. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांचंही तसंच. प्रश्नचिन्हांमुळे जे झालं होतं तेच छोट्या प्रमाणात पुन्हा होईल आणि शोधायला जास्त अवघड जाईल.

बरोबर क्रम असा. आधी ०९३०, ०९४डी, २००डी हा तिघांचा सलग गट जिथे दिसेल तिथे ०९३१, ०९४डी घाला. मग एनएफसी. उरलेल्या जोडकांचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा. माझं मत विचाराल तर सूचीच्या चावीसाठी ते काढले तरी चालतील, कारण इतर ठिकाणी ते फक्त जोडाक्षर कसं दिसावं एवढंच सांगतात.

मध्यलय

क्रम पटला. एक भर घालतो. हे सगळं मूळ शीर्षकावर करू नका. मूळ शीर्षक जसं आलं तसं जपा, एक प्रत काढा, ती स्वच्छ करा आणि तिचा हॅश घ्या. आज तुम्हाला र सापडला, उद्या आणखी काही सापडेल. मूळ मजकूर शाबूत असेल तर नियम बदलून सगळे हॅश पुन्हा काढता येतात. हॅशवरून मागे जाता येत नाही, ते त्याचं कामच आहे.

आणि हॅशच्या आधी नियमाची आवृत्ती लिहा. 'आ२' आणि मग ६४ अक्षरं. नाहीतर दोन वर्षांनी कुठला हॅश कुठल्या नियमाने काढला होता ते कुणालाच सांगता येणार नाही.

नवशिकी

किती छान समजावताय सगळे. माझी शंका थोडी वेगळी आहे. पासवर्डसाठीही हेच करायचं ना? यूटीएफ-८, एनएफसी आणि शा-२५६?

कासवचाल

@नवशिकी, पहिल्या दोन गोष्टींना हो, तिसरीला ठाम नाही.

शा-२५६ वेगवान असावा म्हणूनच घडवलेला आहे. एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी शा-२५६ काढतं. पासवर्डांची चोरलेली यादी हाती आली की हल्लेखोर शब्दकोशच्या शब्दकोश तिच्यावर चालवतो. पासवर्डसाठी मुद्दाम संथ आणि स्मृती खाणारी पद्धत लागते, आणि प्रत्येकासाठी वेगळा सॉल्ट, म्हणजे हॅशआधी मिसळायचा यादृच्छिक मजकूर. आर्गॉन२ हा २०१५ सालच्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेचा विजेता, नवीन कामासाठी तोच घ्या. बीक्रिप्ट १९९९ चा आहे, अजून टिकून आहे, पण मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्याला त्यातली एक मर्यादा फार लवकर गाठते.

बीक्रिप्ट पहिले ७२ बाइट्सच बघतो. इंग्रजीत ७२ अक्षरं म्हणजे भरपूर. देवनागरीत प्रत्येक कोडपॉइंटला तीन बाइट्स, म्हणजे २४ कोडपॉइंट. आता 'पावसाळ्यातल्या संध्याकाळी' हे दोन शब्द घ्या. पहिल्यात १४ कोडपॉइंट, दुसऱ्यात १०, मधली जागा एक बाइट. बेरीज ७३. म्हणजे दोन शब्दांतच मर्यादा ओलांडली, शेवटच्या वेलांटीचा तिसरा बाइट बाहेर पडला. यापुढे कुणी आणखी चार शब्द जोडून पासवर्ड भक्कम केला असं समजत असेल, तर ते शब्द तपासलेच जात नाहीत. काही लायब्रऱ्या अशा वेळी त्रुटी देतात, काही गपचूप कापतात. तुमची काय करते ते आजच बघून घ्या.

एनएफसीचं म्हणाल तर पासवर्डला ते लागतंच. नाहीतर एका उपकरणावर ऱ एका रीतीने उमटतो, दुसऱ्यावर नुक्त्याच्या रीतीने, आणि बरोबर पासवर्ड टाकूनही माणूस बाहेर राहतो.

नवशिकी

हे कुठेच वाचलं नव्हतं. पासवर्डातही अनुस्वार यांनी सांगितलेली तिसऱ्या रीतीची अदलाबदल करायची का?

कासवचाल

चांगला प्रश्न. मी करतो, कारण ती एकास एक आहे, दोन वेगळे शब्द त्यातून एक होत नाहीत. जोडक सरसकट काढायला मात्र पासवर्डात मी तयार नाही. तिथे माणसाने जे टाइप केलं त्यातलं शक्य तितकं जपावं.

टिपकागद

पुढचा टप्पा विचारतो. एकाच नावाचे लेख बरेच आहेत, म्हणून शीर्षकाला लेखकाचं नाव जोडून हॅश काढायचा विचार आहे. आणि दुसरं, शा-२५६ थोडा मोठाच वाटतो. सूचीच तर आहे, एमडी५ या जुन्या, छोट्या हॅशने भागणार नाही का?

मध्यलय

नुसतं जोडू नका. 'गीत' अधिक 'मालाधर' आणि 'गीतमाला' अधिक 'धर', जोडल्यावर बाइट्स तेच. प्रत्येक भागाआधी त्याची बाइट्समधली लांबी लिहा आणि मग भाग लिहा, म्हणजे संदिग्धता राहत नाही. मधे एखादं चिन्ह टाकूनही चालतं, पण ते चिन्ह शीर्षकात कधीच येणार नाही याची हमी द्यावी लागते.

दोन्ही भागांचं जेसन (माहिती मजकुरात मांडायची एक रीत) करून त्याचा हॅश घ्यायचा मोह होईल. जरा थांबा. पायथनचं जेसन.डम्प्स देवनागरीचे अक्षरागणिक क्रमांक करून टाकतं, आणि स्वल्पविराम व अपूर्णविरामानंतर एक जागा सोडतं. जावास्क्रिप्टचं स्ट्रिंगिफाय यातलं काहीच करत नाही. अर्थ तोच, बाइट्स निराळे.

कासवचाल

एमडी५ बद्दल मी बोलतो. रॉनल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तो रचला. २००४ मध्ये श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात टक्कर दाखवली, आणि २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने एमडी५ मधली टक्कर वापरूनच मायक्रोसॉफ्टची वाटेल अशी खोटी स्वाक्षरी बनवली होती. शा-१ मधली टक्कर २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी मिळून जाहीर केली.

तुमच्या सूचीत कोणी मुद्दाम खोडी काढणार नसेल तर एमडी५ चुकून टक्कर देणार नाही, हे खरं. पण शीर्षकं बाहेरून येत असतील तर कोण काय पाठवेल ते आपल्या हातात नसतं. वाचणार काय, तर प्रत्येक नोंदीमागे ३२ हेक्स अक्षरं. तेवढ्यासाठी मोडका हॅश घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही.

आणखी एक, कारण हे वारंवार बघतो. ओळखक्रमांकाला गुप्त किल्ली लावायची वेळ आली तर किल्ली आणि मजकूर जोडून शा-२५६ काढू नका. किल्ली माहीत नसतानाही त्या हॅशवरून पुढे मजकूर वाढवून नवा वैध हॅश काढता येतो. एचमॅक (किल्लीसह हॅश काढायची सुरक्षित रीत) वापरा, १९९७ पासून त्याचं मानक आहे. तपासताना पायथनमध्ये कम्पेअर_डायजेस्ट, जावात मेसेजडायजेस्टचं इझइक्वल.

रानवाट

पीएचपीवाल्यांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचावं. तिथे दोन बरोबर-चिन्हांनी हॅश ताडले तर शून्य-ई ने सुरू होणारे आणि पुढे नुसते आकडे असलेले हॅश संख्या समजले जातात. शून्य गुणिले दहाचा काहीही घात म्हणजे शून्यच. त्यामुळे दोन वेगळे हॅश 'समान' निघतात. २४०६१०७०८ या आकड्यांच्या स्ट्रिंगचा एमडी५ नेमका तसा आहे. हॅश_इक्वल्स वापरा.

नवशिकी

शेवटचं एक. फोन नंबरांचा शा-२५६ काढून यादी दुसऱ्याला दिली तर ती निनावी झाली असं म्हणता येईल ना?

कासवचाल

नाही. दहा आकडी क्रमांक सगळे मिळून एक हजार कोटी. ग्राफिक्स कार्डाला ते सगळे हॅश काढायला काही सेकंद लागतात, आणि मग तुमच्या यादीतला प्रत्येक क्रमांक उघडा. मुळात शक्यताच कमी असतील तर हॅश कितीही मजबूत असला तरी आडोसा देत नाही. अशी यादी देणं टाळा, किंवा किल्लीसह एचमॅक करा आणि किल्ली स्वतःपाशी ठेवा.

टिपकागद

मंडळी, सगळी शीर्षकं जुळली. क्रम असा ठेवला: अर्ध्या र ची अदलाबदल, एनएफसी, उरलेले जोडक काढणे, यूटीएफ-८, प्रत्येक भागाआधी त्याची बाइट्समधली लांबी, शा-२५६, बाइट-बाइट हेक्स, पुढे 'आ२'. मूळ शीर्षकं वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी आहेत. चाचण्यांत 'कविता' आणि 'मराठी' वेगळे येतात हे तपासतोय, 'दऱ्या' तिन्ही रीतींनी लिहून एकच येते हे तपासतोय, आणि 'दर्या' वेगळा राहतो हेही. शून्याने सुरू होणारा हॅश ज्याचा येतो असं एक शीर्षकही मुद्दाम त्यात ठेवलंय.

मध्यलय

रिकाम्या स्ट्रिंगचीही चाचणी घाला. तिचा निव्वळ शा-२५६ ई३बी०सी४४२ ने सुरू होतो. हा आकडा नोंदींत कुठेही दिसला तर मजकूर हॅशपर्यंत पोचलाच नाही असं समजा.

अनुस्वार

आणि 'ॲप'ची. ॲ हा ०९७२ या एका कोडपॉइंटनेही लिहितात आणि अ वर चंद्र देऊन, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ मिळूनही. जुन्या मजकुरात ०९०डी चा ऍ सापडतो तो निराळाच. एनएफसी यातलं काहीही एकत्र आणत नाही. तुमच्या सूचीत तिन्ही असतील असा माझा अंदाज आहे, शोधून बघा.

टिपकागद

शोधलं. तिन्ही आहेत. ०९७२ कडे वळवतोय, आवृत्ती 'आ३'.